हळदीचे रसायन आणि नोंदीचे बळ
(नायगाव, जि. नांदेड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नायगावच्या श्रोत्यांना हळदीची ओळख करून देण्याचे धाडस मी करणार नाही. एका बाजूस वसमत आणि दुसऱ्या बाजूस सीमेपलीकडील निजामाबाद, असा हा हळदीचा मुलूख आहे. मला बोलायचे आहे ते या हळदीच्या अंतरंगाविषयी.

हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन व त्याच्या दोन सहोदर संयुगांमुळे येतो. वाळलेल्या हळकुंडात ही संयुगे साधारणतः दोन ते पाच टक्के असतात. हळदीवर चुन्याचा संस्कार होताच ती लाल होते, तो कर्क्युमिनचाच गुण. आपल्या माता-भगिनींनी पिढ्यान्‌पिढ्या हळदीचे कुंकू केले, ते याच रसायनाच्या आधारे.

चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत 'हरिद्रा' आहे. तरीही मार्च १९९५मध्ये अमेरिकेत जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले. आणि ते मिळविणारे दोघे संशोधक भारतीय वंशाचेच होते! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६मध्ये त्यास आव्हान दिले. 'आमची आजी जखमेवर हळदच लावीत असे' एवढ्याने तेथे भागणार नव्हते. परिषदेने संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतील उताऱ्यांसह ३२ संदर्भ सादर केले. त्यांत १९५३ सालचा, भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील एक शोधलेखही होता. ऑगस्ट १९९७मध्ये पेटंट रद्द झाले. अभिमानाला लेखी पुराव्याची जोड मिळाली, म्हणून हा विजय झाला. त्यातूनच पुढे २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे कार्य सुरू झाले.

परंतु येथे थोडे आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. कर्क्युमिन प्रथम वेगळे काढले गेले १८१५ साली, त्याची रचना उलगडली १९१० साली. दोन्ही कामे युरोपात झाली. गुण आपणांस ठाऊक होता, घटक त्यांनी शोधला. सुदैवाने पुढे चित्र पालटले. कर्क्युमिन एकटे घेतल्यास शरीरात फारच थोडे शोषले जाते. मिऱ्यातील पायपेरिनसोबत घेतल्यास रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे वीस पटींनी वाढते, हे १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखविले.

म्हणून हळद सर्व रोगांवर रामबाण आहे, असे म्हणणे हा आयुर्वेदाचा गौरव नव्हे. तीव्र अर्काच्या गोळ्यांमुळे यकृतास इजा झाल्याच्या नोंदी इटली व अमेरिकेत झाल्या आहेत. स्वयंपाकातील चिमूटभर हळद वेगळी, औषधाची मात्रा वेगळी. मात्रा वैद्यानेच ठरवावी.

वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आता ते टिकविणे आपल्या हाती आहे. रंग खुलविण्यासाठी मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट मिसळणारा केवळ गिऱ्हाइकाची फसवणूक करीत नाही, तो विषही विकतो आणि प्रामाणिक शेतकऱ्याचे नाव बुडवितो. येथील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपल्या हळदीतील कर्क्युमिनचे प्रमाण प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, बियाणे व शिजवणीची नोंद ठेवावी आणि तो कागद दाखवून भाव मागावा. जी नोंद अमेरिकेत उपयोगी पडली, ती नायगावच्या बाजारातही पडेल.