परगावी गेलेल्यांचे मूळ
(फैजपूर येथे दिलेले भाषण)



पोटासाठी आपली माणसे फैजपूर सोडून सुरतेस गेली. त्यांचे नातू आज विचारतात, "आमचे मूळ कोणते?" कायदा म्हणतो, १० ऑगस्ट १९५० रोजी घराण्याचा नेहमीचा रहिवास जेथे होता, तेथील! तो येथे असेल, तर जातीचा दाखला येथील प्रांत कचेरीतच मागावा. मात्र त्या दाखल्यावर गुजरात राज्याच्या सवलती मिळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली स्थलांतरितांविषयी असाच निर्णय दिला आहे.

वाडवडिलांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील नोंद जपा. तेथे 'महार' लिहिले असेल, तर लाजू नका. खोडू तर मुळीच नका. ती नोंद आपल्यावरील अन्यायाचा पुरावा आहे, आपला धर्म नव्हे. १९५६ साली धम्म स्वीकारून आपण केंद्राच्या सवलतींना मुकलो, १९९० च्या दुरुस्तीने त्या परत मिळाल्या. म्हणून बौद्ध म्हणूनच ताठ मानेने हक्क मागा.

जय भीम!