दुखणं अंगावर काढता तेव्हा



कापसाची वेचणी जोरात आहे. अंबड-घनसावंगीकडची कुटुंबं ऊसतोडीला निघालीत. या दिवसांत गुडघा धरून बसलेलं माणूस एकच म्हणतं, ‘एवढं उरकलं की दाखवू.’ तोवर मेडिकलवरून गोळी आणायची, गुडघ्याला फडकं आवळायचं आणि पुन्हा वाकायचं. माझं आजचं सगळं बोलणं या ‘उरकलं की’बद्दल आहे.

दुखणं गुडघ्यात असतं, हे अर्धंच खरं. गुडघ्याच्या नसा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत येतात. कळ मेंदूकडे किती जाऊ द्यायची, किती अडवायची, हे तिथल्या पेशी ठरवतात. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 साली हे मांडताना दाराचीच कल्पना वापरली. तुम्ही रात्रीच्या लाइटवर गव्हाला दारं धरता, तुम्हाला ती चटकन कळेल. वाफा भरला की दोन फावडी माती ओढून दारं बांधायचं. निरोगी मज्जारज्जू हेच करतो. ठेच लागली, कळ आली, ओसरली, दारं बंद.

पण आमवातात सांध्याची सूज महिनोन्महिने राहते. पाण्याची धार तुटतच नाही. मग दाऱ्याची माती धुपते, तोंड रुंदावतं, थोडं पाणीसुद्धा भसकन आत शिरतं आणि शेजारच्या वाफ्यात फुटतं. गुडघ्याचं दुखणं असंच मांडीत, पोटरीत पसरतं. लुगड्याचा काठ घासला तरी कळ येते.

मज्जारज्जूतल्या पेशींवर एनएमडीए नावाची वाट असते. एरवी तिच्या तोंडाशी मॅग्नेशियम अडकलेलं असतं. कळांचा मारा थांबला नाही की ते सुटतं, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी हलक्या स्पर्शालाही जोरात उत्तर देऊ लागते. क्लिफर्ड वूल्फ या संशोधकाने 1983 मध्ये दाखवलं, की इजेनंतर हा बदल खुद्द मज्जारज्जूत होतो.

म्हणून घरच्यांना बजावून सांगतो. सूज उतरली, एक्स-रेत फारसं काही नाही, तरी आई दुखतंय म्हणते, तर तिला कामचुकार ठरवू नका. दुखणं खरंच असतं. आणि दुखणाऱ्याला सांगतो, अंगावर काढू नका. दारं धुपायच्या आत धार कमी करा.

हे दोन-चार घरांपुरतं नाही. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने 1996 साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघर पाहणी केली. सुमारे 18 टक्के प्रौढांना हाडा-सांध्यांचं काही ना काही दुखणं होतं.

धुपलेलं दारं पुन्हा बांधता येतं. शस्त्रक्रिया करून गुडघा बदलल्यावर पुष्कळांची ही वाढलेली संवेदना शांत होते, सगळ्यांची मात्र नाही. मेंदूकडूनही कळ अडवणारे निरोप खाली येतात, आणि त्यात व्यायामाचा वाटा... पण वेळ संपत आलीय.

एवढं करा. येत्या बाजारच्या दिवशीच दवाखान्यात जा. सकाळी सांधे किती वेळ आखडलेले राहतात, किती आठवडे झाले, दुखणं कुठवर पसरलंय, हे सांगा. दुखण्यावरच्या गोळ्या रोज घेतल्या तर जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, तेव्हा आजवर घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटंही सोबत न्या.