अँटिव्हायरस आहे हो, पण चालू आहे का?

आजचा भाग जमलं तर घरातल्या कॉम्प्युटरसमोर बसून ऐका. तुमचं सगळं फोनवर चालतं, माहितीये मला. पण आपल्या धाराशिवकडं बऱ्याच घरांत एक पीसी कोपऱ्यात असतोच. त्यावर कुणाची एमपीएससीची तयारी, कुणाचं टायपिंग, पीक विम्याचे कागद, आणि फोन भरला की उतरवून ठेवलेले सगळ्यांचे फोटो.

मेसेजमध्ये प्रश्न कायम एकच येतो, "दादा, कोणता अँटिव्हायरस घेऊ?" घ्यायचं नंतर बघू. आहे तो चालू आहे का, ते आधी बघा. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर फुकटच येतो आणि घरच्या वापराला तो पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्याची क्विक हील घेतली तरी वाईट नाही. रहिमतपूरच्या काटकर बंधूंनी दुरुस्तीच्या धंद्यातून उभी केलेली कंपनी आहे, आपल्याला कौतुकच आहे. पण लायसन्स संपलेला अँटिव्हायरस, मग तो कुठल्याही कंपनीचा असो, नुसता ठेवून उपयोग नाही. एकतर रिन्यू करा, नाहीतर काढून टाका. काढून रीस्टार्ट केलं की डिफेंडर आपोआप कामाला लागतो. दोन-दोन एकत्र मात्र लावू नका, एकमेकांच्या पायात पाय येतात.

आता तुम्ही म्हणाल, आपोआप चालू असतो तर बंद कसा होतो? तर तो आपणच बंद करतो. किंवा आपल्यासाठी कुणीतरी करून देतं.

माझ्या मावसभावाचं सांगतो. कळंब तालुक्यातलं गाव, घरच्या पीसीवर गावातल्या पोरांचे फॉर्म भरून द्यायचा. पीसी सेकंडहँड घेतलेला. विकणाऱ्यानं विंडोज आणि ऑफिस 'फुल व्हर्जन' करून दिलं, म्हणजे ॲक्टिव्हेटर मारून दिला. हे ॲक्टिव्हेटर चालवायची पहिली पायरी ठरलेली असते, अँटिव्हायरस बंद करा. दुसरी पायरी, ते फोल्डर एक्सक्लूजनमध्ये टाका, म्हणजे "याला तपासू नको" असं डिफेंडरला सांगा. त्या माणसानं फोल्डर नाही, अख्खा सी ड्राइव्हच टाकलेला. पुढं भावानं फोटोचं एक सॉफ्टवेअर क्रॅक करून उतरवलं, आणि एके दिवशी सकाळी सगळ्या फायलींच्या नावापुढं चार अनोळखी अक्षरं. एकही फोटो उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एक फाईल, तिच्यात मागणी ९८० डॉलरची, ७२ तासांत दिले तर निम्मे, ४९० डॉलर.

ही रॅन्समवेअरची 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' नावाची जात. २०१८ पासून फिरतीये आणि ती मुख्यतः क्रॅक नि ॲक्टिव्हेटरमधूनच घरोघरी जाते. मोठ्या कंपन्यांच्या मागं ती नसते, तुमच्या-माझ्यासारख्यांच्या मागं असते. फायली कुलूपबंद करताना तिचा तिच्या सर्व्हरशी संपर्क झाला असेल तर किल्ली फक्त त्यांच्याकडं राहते. संपर्क झाला नसेल तर काही वेळा फुकटच्या डिक्रिप्टरनं फायली परत मिळतात. भावाच्या वेळी संपर्क झालेला होता. पैसे आम्ही दिले नाहीत. दिले तरी फायली मिळतीलच याची हमी कोण देणार? बहिणीच्या लग्नाचे थोडे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवरून गोळा केले. पण मावशीचे काका वारले, त्यांचे व्हिडिओ फक्त त्या पीसीवर होते. ते गेले.

तर आता उघडा. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' टाईप करा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जा, तिथं 'मॅनेज सेटिंग्ज'. पहिलं 'रिअल-टाइम प्रोटेक्शन', ते चालू पाहिजे. त्याच पानावर 'क्लाउड-डिलिव्हर्ड' आणि 'टॅम्पर प्रोटेक्शन', तीही चालू. टॅम्पर म्हणजे दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामनं डिफेंडर गुपचूप बंद करू नये म्हणून लावलेली कडी. पण घरच्या पीसीवर ही कडी एक्सक्लूजनच्या यादीला पुरत नाही. ॲडमिनचे हक्क मिळालेला प्रोग्राम त्या यादीत स्वतःचं नाव घालू शकतो, आणि वरची सगळी बटणं निळीच दिसत राहतात. म्हणून पान खाली सरकवा, 'ॲड ऑर रिमूव्ह एक्सक्लूजन्स' उघडा आणि यादी डोळ्यांनी बघा. साध्या घरात ती रिकामीच असायला पाहिजे. आत काही सापडलं तर काढा, आणि मग 'स्कॅन ऑप्शन्स'मधून ऑफलाइन स्कॅन लावा. पीसी रीस्टार्ट होतो, पंधरा-वीस मिनिटं जातात. लाईटचा भरवसा बघून लावा, आपल्याकडं सांगायला नको.

मग 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस'. हे मुळात बंद असतं, कुणी सांगतही नाही. चालू केलं की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रामला काही बदलता येत नाही. थोडा त्रास होतो हां. एखादं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर "सेव्ह होईना" म्हणून रुसेल. तेव्हा हे बंद करू नका, 'अलाऊ ॲन ॲप'मधून तेवढ्या एकाच प्रोग्रामला परवानगी द्या. तुमचे फोटो डी ड्राइव्हवर असतील तर तो फोल्डर स्वतः यादीत घालावा लागतो, हे विसरू नका.

'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये नको असलेली ॲप अडवायचं बटण आहे, तेही लावा. फुकट पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर येणारा कचरा तिथं अडतो. झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेन ड्राइव्ह आधी राइट क्लिक करून स्कॅन करा. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसला तर त्यावर क्लिक करू नका. आणि रोजच्या वापराला ॲडमिन नसलेलं साधं अकाउंट ठेवा.

अपडेटचं एवढंच सांगतो. वॉनाक्राय मे २०१७ मध्ये पसरला, पण ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेलं होतं. त्यानंतर जून २०१७ ला नॉटपेट्या आला. त्याच्या हत्यारांत तेच भोकही होतं, आणि त्यानं मर्स्क समूहाची यंत्रणा पाडली तेव्हा आपल्या जेएनपीटीमधल्या त्यांच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. 'नंतर करू' म्हणणारे बंदर चालवणाऱ्यांतही असतात. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. तुमचा पीसी ११ घेत असेल तर घ्या, नसेल तर सेटिंग्जच्या 'विंडोज अपडेट'मध्ये वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी दिसते का बघा.

आणि फोटोंची एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. कॉपी झाली की वायर काढून कपाटात. लावून ठेवलेली डिस्कसुद्धा रॅन्समवेअर कुलूपबंद करतं.

तुमच्या एक्सक्लूजनच्या यादीत काय सापडलं, त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. त्यात नाव-नंबर दिसत असेल तर आधी खोडा. पुढच्या भागात राउटरचा पासवर्ड घेऊ. तोवर, मावशीच्या पीसीचं ऑफलाइन स्कॅन राहिलंय, ते उरकतो.