उन्हातला चित्रकार

आरे-वारेच्या चढावरून खाली पाहिले की पुळण, सुरूची झाडे आणि समुद्र एकदम नजरेत भरतो. पण तिथे रंगपेटी उघडून बसणाऱ्याची पहिली गाठ सौंदर्याशी नव्हे, उन्हाशी पडते! झगझगीत कागदावर छटा फसवतात, पाणरंग भराभर वाळतो. म्हणून छत्री हवी. (वारा ती राहू देईल तर!)

अमेरिकेत विन्स्लो होमरने १८६८ साली व्हाइट माउंटन्समध्ये छत्र्यांखाली रांगेने बसलेले चित्रकार रंगवले आणि एका पिशवीवर आपलेच नाव घातले. केवढी मिस्किली! पुढल्याच वर्षी 'ॲपल्टन्स जर्नल' साप्ताहिकात त्याचे 'द आर्टिस्ट इन द कंट्री' हे काष्ठमुद्राचित्र आले आणि उघड्यावरचा चित्रकार घरोघर पोचला.

ठसा मात्र उन्हात होत नसे. बॉक्सवुडच्या गुळगुळीत ठोकळ्यावर रेषा तेवढ्या राखून बाकी लाकूड कोरून काढायचे. चित्र मोठे असले तर ठोकळे एकमेकांना जोडायचे. हे करणारा कारागीर बहुधा अनामिकच. मला छत्रीवाल्यापेक्षा त्याचेच अप्रूप वाटते. एक सावली शोधतो आहे, आणि दुसरा बंद खोलीत, पाण्याने भरलेल्या काचगोळ्यातून दिव्याचा उजेड ठोकळ्यावर गोळा करतो आहे.