बेडक्यातले काजवे



चैत्र पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरीची यात्रा भरते, भाविक चुन्याचे खडे वेचतात. याच सुमाराला ऊसतोडीला गेलेली आपली माणसं कारखान्यावरून परततात. पाच-सहा महिने कोपीत दाटीवाटीनं काढलेले असतात आणि कुणाच्या तरी छातीत खोकला घर करून बसलेला असतो. "पाचटाच्या धुळीनं झालंय," म्हणतात. असेलही. पण दोन आठवडे उलटूनही खोकला हटत नसेल, तर क्षयासाठी बेडका तपासून घ्या, एवढं सांगायला मी आलोय.

मी प्रयोगशाळेत काचपट्ट्या तपासतो. पूर्वी निळ्या रंगात लाल जंतू हुडकताना डोळे शिणायचे. आता ऑरामिन नावाचा पिवळा रंग लावतो. बँकेत नोट दिव्याखाली धरली की आकडे कसे चमकतात, तसंच हे. एलईडीचा निळा उजेड हा रंग पितो आणि पिवळट-हिरवा उजेड परत देतो. मधली काच निळा उजेड अडवते. मग काळ्याभोर रानात काजवे दिसावेत तशा क्षयाच्या जंतूंच्या बारीक काड्या दिसतात. कचराही कधी चमकतो, म्हणून आकार नीट पाहावा लागतो. पण जुन्या पद्धतीत निसटणारे काही रुग्ण यात सापडतात, हे खरं.

गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट यंत्र याच्या पुढं जातं. जंतूचा डीएनए वाढवत नेतं आणि वाढेल तशी चमक मोजतं. तासाभरात निकाल, शिवाय बॅटरीवर चालतं. आपल्याकडच्या लोडशेडिंगला हे फार मोलाचं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली त्याला मान्यता दिली.

मात्र डबीत नुसती थुंकी असेल, तर कुठलाच उजेड उपयोगाचा नाही. मागं एक मावशी डबी भरून घेऊन आल्या, सगळी लाळच. त्यांना सांगितलं, "मावशी, सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्यानं चूळ भरा, अंगणात मोकळ्यावर उभ्या राहा, दोन-तीनदा छाती भरून श्वास घ्या आणि मग खोलातून खोकून काढा." दुसऱ्या दिवशी घट्ट, पिवळट बेडका आणला. काचपट्टीवर काड्याच काड्या.

सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, उपचार साधारण सहा महिन्यांचे. पोषण आहारासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यावर येतात. मावशींच्या गोळ्या त्याच आठवड्यात सुरू झाल्या. त्यांच्याच कोपीत राहिलेल्या जावेला आणि दोन्ही लेकरांनाही आम्ही तपासणीला बोलावून घेतलं.