सावकाश पाहू या कोडियक्करै



रेल्वेच्या नोकरीत मिनिटांचा हिशेब अंगात भिनतो. काही वर्षांपूर्वी मी वडिलांना एका दिवसात कोडियक्करैला नेऊन आणले. काळवीट लांबून दिसले, रोहित पक्ष्यांपर्यंत पोहोचलोच नाही. ‘पुन्हा येऊ, बाबा,’ म्हणालो. ते राहूनच गेले. आज बाबा नाहीत.

म्हणून सांगतो, आपल्या कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाकडे जायचे तर तीन दिवस काढा. तिरुवारूर, तिरुत्तुरैपूंडीमार्गे वेदारण्यम गाठा. पहिल्या दिवशी विश्रांती आणि संध्याकाळी मिठागरे. १९३० साली राजाजींचा मिठाचा सत्याग्रह इथेच झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे अभयारण्य. ते १९६७ साली काळविटांसाठी राखले गेले. तिथे फिरू नका, एका जागी बसा. कळप आपणहून दिसतात. तिसऱ्या दिवशी मुत्तुपेट्टैच्या तिवरांतून होडीने फिरा.

नोव्हेंबरात पाऊस-वादळाचे भय असते. २०१८ चे ‘गज’ आठवा. त्यामुळे जानेवारी बरा. वनखात्याची परवानगी आधी घ्या. दुर्बीण, टोपी, पाणी जवळ ठेवा.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना यंदाच न्या.

गणपती बाप्पा मोरया!