गुलमर्गच्या उतारावर

पुण्या-मुंबईची मंडळी आता गुलमर्गला नुसता बर्फ पाहायला जात नाहीत, भाड्याच्या स्की पायांत चढवून घसरायलाही जातात. जरूर जावे. मीही कित्येक हिवाळे जातो आहे. पण गुलमर्गमध्ये दोन निरनिराळे डोंगर आहेत, असे समजूनच जा.

गावालगतचे मंद उतार नवशिक्यांचे. तिथल्या केबल कारला 'गोंडोला' म्हणतात. तिचा पहिला टप्पा कोंगडोरीला पोचवतो, तर २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा थेट अफरवतच्या अंगावर, ३,९०० मीटरच्याही वर. तिकीट काढले की कुणीही वर पोचतो. उतरण्याचे कसब मात्र तिकिटाबरोबर मिळत नाही.

वर राखलेल्या भागाबाहेर पडलात की खरा धोका हिमस्खलनाचा. ताज्या बर्फाचा थर जुन्या थराला नीट चिकटलेला नसतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाच्या वजनानेही तो पाटासारखा तुटून सुटतो. फेब्रुवारी २०१० मध्ये इथे लष्कराचे १७ जवान हिमस्खलनात गेले. २०२३ मध्ये दोन पोलिश, २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू दगावला. गाडलेल्याला साधारण पहिल्या १५ मिनिटांत काढले तर आशा मोठी. पुढे ती झपाट्याने घटते. बाहेरून मदत येईपर्यंत तेवढा वेळ उरत नाही, सोबत्यांनीच खणायचे असते. म्हणून प्रत्येकाकडे संदेश देणारा-घेणारा ट्रान्सीव्हर, लांब शोधकाठी आणि फावडे हवे. यांपैकी एक जरी नसले तरी बाकीच्या दोहोंचा उपयोग फार थोडा. शिवाय ती वापरण्याचा सराव हवा.

नवशिक्याला एवढ्या उंचीवर काम नाही. त्याचे दुखणे गुडघ्याचे. बूट स्कीला धरून ठेवणारे बाइंडिंग पडताना सुटायला हवे. ते फार घट्ट असले तर स्की वळते आणि तिच्याबरोबर गुडघाही. दुकानदाराला आपले वजन, उंची, वय खरे सांगा. (वजनाच्या बाबतीत इथे भीड नको!) स्नोबोर्डवाल्यांची मनगटे जायबंदी होतात, कारण पडताना हात आपोआप पुढे जातो. मनगटाची पट्टी बांधा, मुठी मिटून पडायची सवय करा. हेल्मेट दोघांनीही घालावे.

आणखी एक. खाली असलेल्या माणसाला मागचे दिसत नाही, म्हणून वरून येणाऱ्यानेच त्याला सांभाळून जायचे, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. फोटोसाठी थांबायचे तर कडेला, उताराच्या मधोमध नव्हे. जीन्स घालू नका, ती भिजते आणि मग थंडी हाडांत शिरते. बर्फावरून परतणारे ऊन डोळे जाळते, ढग असले तरी गॉगल हवाच.

आणि शिकवणारा स्थानिक मुलगा सकाळी आभाळाकडे, बर्फाकडे बघून "आज ऊपर नहीं" म्हणाला, तर भरलेल्या पैशांचा हिशेब काढू नका. खाली गरम कहवा मिळतो.